युरिया ४२ म्हणजे नेमका किती?

आईबाबांचे रक्ताचे रिपोर्ट घरच्या ग्रुपवर आले की आमच्यात वाद ठरलेला. पुण्यातली भावंडं म्हणतात, इथे फोन केला की माणूस घरी येऊन रक्त घेऊन जातो, तुमच्यासारखी डॉक्टरांच्या चिठ्ठीची वाट बघावी लागत नाही. आम्ही न्यू जर्सीतून म्हणतो, पण पॅकेजच्या नावाखाली नको त्या तपासण्या कशाला? दोघांचंही पटतं. माझा जीव अडकतो तो मात्र ब्लड युरियाच्या, म्हणजे किडनी बाहेर टाकते त्या रक्तातल्या टाकाऊ पदार्थाच्या ओळीपाशी.

भारतातल्या बहुतेक लॅब युरिया मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात. अमेरिकेत देतात ‘बीयूएन’, म्हणजे त्या युरियातल्या फक्त नायट्रोजनचं वजन. युरियाच्या ६० भागांत नायट्रोजन २८, म्हणून बीयूएनला २.१४ने गुणलं की आपल्याकडचा युरिया मिळतो. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात एकक मिलिमोल प्रति लिटर. तेच रक्त पुण्यात ४२, इथे साधारण २०, लंडनमध्ये ७!

अमेरिकी तक्त्यातली ७ ते २० ही मर्यादा बघून बाबांचे ४२ वाचले तर इथली मुलगी रात्रभर झोपणार नाही. उलटी गफलत जास्त घातक. मुलाकडे राहून परतलेल्या आजोबांचा बीयूएन ४२ असेल, तर आपल्या हिशेबात तो युरिया ९० झाला. ‘जरासाच वाढलाय’ म्हणून तो कागद कपाटात जाता कामा नये. शरीरात पाणी कमी पडलंय का हे बघताना बीयूएनला क्रिएटिनिनने (किडनीच गाळून टाकते तो दुसरा टाकाऊ पदार्थ) भागतात. २०च्या वर गेलं तर शंका घेतात. क्रिएटिनिन १.१ असताना तिथे युरियाचा आकडा घातला तर ४२ भागिले १.१, म्हणजे ३८ येतात. बीयूएन घेतला तर १८.

लेकरं तीन खंडांत पांगलेल्या घरांसाठी आपल्या प्रत्येक लॅबने युरिया आणि बीयूएन दोन्ही छापावेत, असं मला मनापासून वाटतं. काही लॅब छापतातही. वेगळी तपासणी लागत नाही, नुसता भागाकार आहे.

तोवर ग्रुपवर सुटा आकडा टाकू नका. एकक, लॅबची मर्यादा, क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा अंदाज) दिसेल असा अख्खा कागद टाका. जुलाब-उलट्या झाल्या होत्या का, उन्हात पाणी कमी प्यायलं होतं का, तेही लिहा. किडनी ठणठणीत असली तरी एवढ्यानेही युरिया वाढतो.