मालकाचं उत्तर: ‘अर्ध्या दिवसाचे पैसे, पाण्यात फक्त 50 मिनिटं’

नमस्कार साहेब,

आपली नवी ट्रायमरान, म्हणजे तीन धडांची शिडाची बोट, चालवायला आमच्याकडे शिकलात, त्याबद्दलचा आपला अभिप्राय वाचला. दोन तारे, आणि खाली लिहिलंय की अर्ध्या दिवसाचे पैसे घेऊन पाण्यात 50 मिनिटंच नेलं, बाकी वेळ जेटीवर लेक्चर दिलं, शीड पूर्ण उघडू दिलं नाही आणि पाहुण्यांसमोर बोललो. पाहुण्यांसमोर माझा आवाज चढला, ती चूक माझीच. मनापासून माफी मागतो.

पण ते 50 मिनिटांचं फार लागलं. आमचा हंगाम ऑक्टोबर ते मे. नवीन माणूस फोन करायच्या आधी हेच वाचतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

आपली वेळ सकाळी 7 ची होती. आदल्या संध्याकाळी फोनवर दोनदा सांगितलं होतं. आपण आलात 10 वाजून 20 मिनिटांनी. लहान मुलं बरोबर असली की उशीर होतो, मान्य. पण 7 ची वेळ आम्ही उगाच देत नाही. फेब्रुवारीत गोव्यात मांडवी नदीवर सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून येणारा, हलका, आणि पाणी सपाट. पहिल्यांदा ट्रायमरान हातात घेणाऱ्याने शिकावं ते तेव्हाच. दुपारी समुद्राकडून खारा वारा चढतो, आणि त्या दिवशी त्याच सुमाराला ओहोटीला जोर होता. पाणी बाहेर ओढतंय आणि वारा आत ढकलतोय, अशा वेळी नदीच्या मुखाशी, आग्वाद आणि काबो या दोन टोकांच्या मधे, लाट आखूड आणि उभी होते. तिथे नवख्या माणसाला मी नेणार नाही, कितीही पैसे दिले तरी.

जेटीवरचा वेळही वाया गेला नाही. आपली बोट घडीची आहे, बोटींचे रचनाकार इयान फॅरियर यांच्या पद्धतीची, 27 फुटी. बाजूचे दोन्ही तरंगते, म्हणजे मधल्या धडाला जोडलेली लहान धडं, उघडले की ती साडेपाच मीटरहून रुंद होते, आणि तो सगळा भार आडव्या बाहूंवर आणि त्यांच्या बोल्टांवर येतो. उजव्या बाजूचा मागचा बोल्ट मी नुसत्या बोटांनी फिरवून दाखवला, आठवतंय ना? तसंच निघालो असतो तर?

शिडाचं सांगतो. आमच्या जुन्या होडीला तोल राखायला बाजूला एकच उलांडी, म्हणजे तरंगता ओंडका, आपल्या बोटीला दोन तरंगते. त्यामुळे ती कलत नाही आणि नवीन मालकाला वाटतं, सगळं ठीक आहे. साध्या, एका धडाच्या मोठ्या शिडाच्या बोटीच्या तळाशी बहुधा शिशाचं वजन असतं, ती कलून इशारा देते आणि पुन्हा उभी राहते. ट्रायमरान उलटली की उलटीच राहते. म्हणून शीड कधी कमी करायचं ते बोट किती कलली यावर नाही, वारा मोजून ठरवायचं. वारा 10 वरून 15 नॉटवर (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) गेला की शिडावरचा जोर दीडपट नाही, सव्वादोनपट होतो. 15 ला पहिला रीफ, म्हणजे शीड थोडं आवरून लहान करायचं, हा माझा नियम आहे. त्या दिवशी वारा मोजायच्या यंत्रावर 16 दिसत होते, आपणही वाचले होते.

त्यात आपण सात जण आणि बर्फाच्या दोन मोठ्या पेट्या. ही बोट हलकी आहे म्हणूनच पळते. वजन टाकलं की तरंगते पाण्यात बसतात आणि ती जड चालते. हे सांगतानाच माझा तोल गेला.

आणि त्या 50 मिनिटांत काय झालं तेही लिहायला हवं होतं. पहिल्या तीन वळणांत बोट वाऱ्यासमोर अडकली. पुढचं शीड घाईने सोडू नका, ते उलटं भरू द्या, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आपोआप फिरेल, असं सांगितल्यावर चौथ्यांदा आपल्या मुलीने बोट स्वच्छ वळवली. मी सुकाणूला हातही लावला नव्हता.

जेटीवर सावलीचं काहीतरी करतोय. वेळेचं कारणही आता लेखी देत जाऊ. मे संपायच्या आत एखाद्या सकाळी 7 ला या, चौघंच या, पूर्ण शिडावर नेतो. पैसे नकोत.

तोवर तो उजवीकडचा मागचा बोल्ट पान्याने पुन्हा एकदा आवळून घ्या. दोनदा फोन केला होता, आपण उचलला नाही.