चार दोऱ्या आणि एक शहाणा

माझा पतंग चांगला उडत होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे काही झालं त्यात त्या बिचाऱ्याची काडीचीही चूक नाही.

दोन दोऱ्यांचा स्टंट पतंग, तिकोनी, कार्बनच्या काड्यांचा. डावी दोरी ओढली की डावीकडे वळायचं, उजवी ओढली की उजवीकडे, दोन्ही सारख्या धरल्या की नाक असेल तिकडे सुसाट. संपलं. 1972 मध्ये पीटर पॉवेल नावाच्या इंग्रज गृहस्थांनी दोन दोऱ्यांचा स्टंट पतंग आणला आणि लोक तो मजेत उडवत बसले, रिव्हर्स गिअर कुठाय म्हणून कोणी विचारलं नसावं. मी विचारलं. कारण मैदानात एक जण चार दोऱ्यांचा पतंग उडवत होता आणि तो पतंग हवेत थांबला, म्हणजे खरंच थांबला, मग वरची कड वरच ठेवून मागे मागे खाली आला आणि झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसा अलगद टेकला. माझा पतंग जमिनीला भेटतो तेव्हा आवाज येतो.

चार दोऱ्यांच्या पतंगाची गंमत अशी की दोन्ही हातात एकेक दांडी असते, तिच्या वरच्या टोकाला एक दोरी आणि खालच्या टोकाला एक. मनगट वाकवून खालची ओढली की पतंगाची खालची कड आपल्याकडे येते, ब्रेक लागतो, अजून ओढली की स्वारी उलटी निघते. हे समजल्यावर माझ्यातला इंजिनिअर जागा झाला (मी इंजिनिअर नाही). पतंग आहे, दोन दोऱ्या आहेत, आणखी दोन बांधल्या की झालं, नवीन कशाला घ्यायचा!

पहिला आठवडा दोऱ्या मापण्यात गेला. चारही 25 मीटरच्या आणि तंतोतंत सारख्या पाहिजेत, बोटभर फरक पडला तरी पतंग एका बाजूला ओढतो. एका खिळ्याला चारही अडकवून ताणायच्या, टोकं जुळवायची, गाठ मारायची, की गाठीतच दोन सेंटीमीटर गायब. त्यात ही डायनीमाची, म्हणजे एका मजबूत कृत्रिम धाग्याची, दोरी इतकी गुळगुळीत की नुसती गाठ धरतच नाही, सरकते, म्हणून टोकाला आधी जाड दोरीचं आवरण चढवायचं आणि मग गाठ. बायको म्हणाली, ‘अहो, दोन दोऱ्यांचा गुंता सोडवायला तुम्हाला तास लागायचा, आता चारचा किती लागेल?’ मी म्हटलं, दोन तास. तेही चुकलं. दोन दोऱ्या एकमेकींत अडकल्या तर जोडी एकच होते, चार दोऱ्यांच्या जोड्या होतात सहा.

मूळ कण्णी तशीच ठेवून वरच्या दोऱ्या तिला बांधल्या आणि खालच्या दोन मागच्या कडेला, जिथे शिडाला, म्हणजे पतंगाच्या कापडाला, फुगवणाऱ्या छोट्या काड्या टेकतात तिथे. पहिल्या दिवशी पतंग उठलाच नाही, जागेवर थरथरत बसला. खालच्या दोऱ्या जरा आखूड होत्या, म्हणजे मी हँडब्रेक ओढून गाडी ढकलत होतो. त्या लांब केल्या. दुसऱ्या दिवशी उठला आणि भोवऱ्यासारखा गरगर फिरायला लागला, कारण डाव्या हातातली दांडी उलटी धरली होती, आणि हे कळेपर्यंत चारही दोऱ्यांची एक जाड वेणी झाली होती. दोरी गुळगुळीत असल्याने चार-पाच पीळ पडले तरी पतंग ऐकतो म्हणतात. वेणीसुद्धा ऐकेल असं कोणी म्हटलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी थांबला! टोकदार नाक वर करून हवेत उभा, मी श्वास रोखलेला, आणि त्याच आनंदात मी रिव्हर्स टाकला. आता हे पतंग बनवलेले असतात पुढे जायला. शिडाची मागची कड सैल, पोट फुगवलेलं, नाक टोकदार. उलटा चालवायचा म्हणजे पिसांच्या बाजूने बाण मारायचा. पठ्ठ्या वीतभर मागे आला, कड फडफडली, पोट आत गेलं, एक काडी खटकन निसटली आणि पुढे नुसतं कापड खाली आलं. चार दोऱ्यांचे खरे पतंग वेगळेच असतात, अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या हॅड्झिकी बंधूंच्या ‘रेव्होल्यूशन’ नावाच्या पतंगासारखे, वर एक सरळ आडवी काडी, दोन उभ्या, ना नाक ना पोट. त्यांनी 1980च्या दशकात नवीन आकारच काढला, जुन्याला दोऱ्या बांधत बसले नाहीत, हे मला काड्यांचे तुकडे गोळा करताना पटलं.

शेवटी जास्तीच्या दोऱ्या कापल्या, काड्या बदलल्या, पुन्हा दोनवर आलो. पण महिनाभरात मनगटांना सवय लागली होती. पतंग झपकन खाली यायला लागला तसे माझे दोन्ही हात आपोआप वाकले, ब्रेक दाबला, जो आता कशालाच बांधलेला नव्हता, आणि पतंग गोता खाऊन नाकावर जमिनीत रुतला.

मागून बायको म्हणाली, ‘थांबला की हो एकदाचा!’