डिप्रेशनची गोळी चालू असताना मायग्रेनची गोळी: फॉरवर्ड मेसेज आणि वस्तुस्थिती

एकच मेसेज मला आठवड्यात तीन जणांनी पाठवला. मी एसिटालोप्राम ही डिप्रेशनची गोळी घेते आणि माझी अर्धशिशी उठते, हे तिघांनाही ठाऊक आहे. मेसेजचा सारांश असा (ट्रिप्टान म्हणजे अर्धशिशीचा झटका थांबवणाऱ्या गोळ्यांचा गट, सेरोटोनिन हे मेंदूतलं एक रसायन): ‘डिप्रेशनची गोळी चालू असेल तर ट्रिप्टान घेऊ नका, सेरोटोनिन वाढून माणूस काही तासांत दगावतो. साधी पेनकिलर घ्या, नाहीतर त्या दिवशी डिप्रेशनची गोळी टाळा. आणि डोकेदुखीवर डिप्रेशनचं औषध देणारा डॉक्टर तुम्हाला मनोरुग्ण समजतो.’

‘काही तासांत दगावतो.’ भीतीचं मूळ खरं आहे. २००६ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने या जोडीबद्दल सेरोटोनिन सिंड्रोमचा, म्हणजे सेरोटोनिनचा परिणाम अति झाल्याने होणाऱ्या धोकादायक अवस्थेचा, इशारा दिला होता. आधार होता मोजक्या रुग्णांच्या नोंदींचा. मेसेज लिहिणारा तिथेच थांबला. २०१८ मध्ये ‘जामा न्यूरॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात १४ वर्षांच्या नोंदी तपासणारा अभ्यास आला. दोन्ही औषधं लिहून दिलेले १९,०१७ रुग्ण त्यात होते. सिंड्रोमचा संशय आला १७ जणांत, आणि नक्की म्हणता येतील असे निघाले २.

हे पटण्यासारखंही आहे. सुमाट्रिप्टान किंवा रिझाट्रिप्टान सेरोटोनिनचा साठा वाढवत नाही. ते मुख्यतः सेरोटोनिनच्या १बी आणि १डी या रिसेप्टरवर (पेशींवर हे रसायन जिथे जोडलं जातं त्या जागांवर) काम करतं, तर सिंड्रोमचा संबंध प्रामुख्याने २ए या रिसेप्टरशी जोडला जातो. मात्र मोक्लोबेमाइडसारखं एमएओ इनहिबिटर या गटातलं डिप्रेशनचं औषध चालू असेल, तर ही दोन्ही ट्रिप्टान खरोखर वर्ज्य. ते बंद केल्यावरही दोन आठवडे थांबावं लागतं. हृदयविकार, पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेलं ब्लडप्रेशर असणाऱ्यांनाही ट्रिप्टान देत नाहीत, पण त्याचा डिप्रेशनच्या गोळीशी काही संबंध नाही. नवीन गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर दिवसभरात थरथर, दरदरून घाम, जुलाब, ताप, कमालीची अस्वस्थता असं एकत्र दिसलं, तर घरी बसू नका, सरळ इमर्जन्सी गाठा.

‘साधी पेनकिलर घ्या.’ माझा खरा राग या ओळीवर आहे. ट्रॅमाडॉल अनेकांच्या लेखी ‘जरा जोरदार पेनकिलर’. एसएसआरआयबरोबर (एसिटालोप्राम ज्या गटात येतं, त्या डिप्रेशनच्या गोळ्यांबरोबर) सेरोटोनिन सिंड्रोमचा आणि फिट येण्याचा धोका वाढवणारं औषध नेमकं तेच. आयबुप्रोफेन, नेप्रॉक्सेन एसएसआरआयबरोबर वारंवार घेतलं तर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. शिवाय महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस साधी पेनकिलर, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, की डोकं गोळीमुळेच दुखू लागतं. ट्रिप्टानला ही मर्यादा १० दिवसांची आहे, हेही सांगायला हवं. गोळी घेतली की मी कॅलेंडरवर फुली मारते. ‘महिन्यातून पाच-सहा वेळा’ असं मी डॉक्टरांना बिनदिक्कत सांगत असे. पहिल्यांदा मोजल्या तेव्हा फुल्या निघाल्या सोळा.

‘त्या दिवशी गोळी टाळा.’ एसिटालोप्रामचं प्रमाण निम्मं व्हायलाच साधारण ३० तास लागतात, फ्लुओक्सेटिनला कित्येक दिवस. सकाळची गोळी चुकवून दुपारी औषध अंगातून गेलेलं नसतं. आणि व्हेन्लाफॅक्सिन किंवा पॅरॉक्सेटिन चुकवलं तर चक्कर, मळमळ आणि, गंमत बघा, डोकेदुखीच पदरात पडते.

‘मनोरुग्ण समजतो.’ अमिट्रिप्टिलिन मूळचं डिप्रेशनचं औषध, हे खरं. अर्धशिशी वारंवार उठू नये म्हणून ते रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात. डिप्रेशनसाठी याच्या कितीतरी पट डोस लागतो. व्हेन्लाफॅक्सिनही त्याच कामी येतं. एसएसआरआयचा मात्र अर्धशिशी रोखायला फारसा उपयोग दिसलेला नाही, त्यामुळे ‘मी आधीच एक घेतोय की’ हा हिशोब चालत नाही.

मेसेजमध्ये नसलेलं एक नाव मात्र लक्षात ठेवावं: फ्लुनारिझिन. अर्धशिशी रोखण्यासाठी देतात, पण त्याने काहींना नैराश्य येतं, आधीचं असेल तर बळावतं. डोकेदुखीच्या डॉक्टरसमोर मनाच्या गोळीचं नाव घ्यायला आपण लाजतो, आणि मग हेच औषध आपल्या चिठ्ठीवर येऊ शकतं.