"शेतकरी फुकट खातो" वाल्या मेसेजला उत्तर

परत तोच मेसेज फिरतोय. शेतकऱ्याला वर्षाला बारा हजार घरबसल्या, विमा एक रुपयात, ठिबक फुकट, पाऊस जास्त झाला की भरपाई, वरून इन्कम टॅक्स शून्य, आणि हे सगळं "आमच्या टॅक्सच्या पैशातून". पाठवणारे बहुतेक आपलेच जळगाव-धुळ्याचे, गावाला सातबारा आणि पुण्याला नोकरी, म्हणून लिहितोय, नाहीतर सोडून दिलं असतं.

बारा हजार. खरंय, पीएम किसानचे 6000 आणि 2023 पासून राज्याच्या नमो शेतकरीचे 6000. पण माणशी नाही, नवरा-बायको आणि लहान पोरं धरून एका कुटुंबाला, म्हणजे महिन्याला हजार. बीटी कपाशीचं एक पाकीट 2025 ला 901 रुपयांना होतं आणि एकराला दोन लागतात. आणि घरबसल्या कसले, ई-केवायसी, बँकेला आधार, जमिनीची नोंद, आता फार्मर आयडी, यातलं एक अडकलं की हप्ता बंद, मग तलाठी म्हणतो कृषी सहायकाकडे जा, तो म्हणतो सेतूवर जा. लबाड लोक आहेत, नाही कोण म्हणतं. 2021 ला केंद्रानं संसदेत सांगितलं की 42 लाखांवर अपात्र लोकांनी जवळपास 3000 कोटी उचलले, आणि त्यात इन्कम टॅक्स भरणारे पण होते! घ्या.

विमा. एक रुपयावाली योजना 2023 च्या खरिपात आली आणि 2025 च्या खरिपापासून बंद झाली, मेसेज मात्र अजून चालूच. केळीला तर ती कधी लागूच नव्हती भो. केळी हवामान आधारित फळपीक विम्यात येते, तिचा हप्ता वेगळा आणि चांगला जड. त्यात उन्हाचा विमा असा चालतो की तुमच्या बागेत काय झालं ते बघायला कोणी येत नाही, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या यंत्रानं काय नोंदवलं तेवढंच धरतात. मे महिन्यात जळगावच्या रावेर-यावलला केळीची पानं करपून लोंबतात, घड मधूनच मोडतो, पण ठरलेल्या तारखांत, ठरलेले दिवस सलग, ठरलेलं तापमान त्या यंत्रात दिसलं नाही तर रुपया नाही. यंत्र तुमच्या वावरापासून चार-पाच कोस लांब असलं तरी तेच.

ठिबक "फुकट". लहान शेतकऱ्याला 80 टक्के, मोठ्याला 75, हे कागदावर बरोबर, पण ते टक्के सरकारनं ठरवलेल्या खर्चावर, दुकानाच्या बिलावर नाही. महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवर अर्ज, पूर्वसंमती, मग स्वतःच्या पैशानं नळ्या आणायच्या, वावरात अंथरायच्या, जीएसटीचं बिल चढवायचं, साहेब येऊन फोटो काढणार, आणि मग वाट बघा. तोवर उधारीचं व्याज कोण भरतं ते मेसेजवाल्यानं सांगावं.

भरपाईचं थोडक्यात. केंद्राचा निकष कोरडवाहूला हेक्टरी 8500, म्हणजे एकरी 3400, तेही नुकसान 33 टक्क्यांवर असेल तर आणि दोन हेक्टरपर्यंतच. राज्य कधी वाढवून देतं, कधी नाही. एकरभर कपाशीची वेचणी तरी निघते का त्यात?

टॅक्स. शेतीच्या उत्पन्नावर नाही, मान्य. पण आता नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत नोकरदारालाही शून्यच आहे, मग पाच एकरवाल्या कोरडवाहूकडून काय वसूल करणार होते? उलट फवारणीच्या औषधावर तो 18 टक्के जीएसटी भरतो आणि व्यापाऱ्यासारखा परतावा त्याला मिळत नाही. शेतीच्या नावावर काळा पैसा पांढरा करणारे बडे लोक आहेत, त्यांना खुशाल पकडा, कोणी आडवं येणार नाही.

आणि जे मेसेजात नाहीच ते सांगतो. हे बारा हजार सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळतात, पेरणाऱ्याला नाही. गावोगावी बरीच जमीन मालक सोडून दुसराच कोणी बटाईनं (पिकात वाटा देऊन) नाहीतर ठोक्यानं (ठरलेली रक्कम देऊन) कसतो, बियाणं-खत त्याचं, कर्ज त्याचं, गारपीट झाली तर झोपणार तोच. हप्ता मात्र मालकाच्या खात्यात, मग मालक पुण्यात राहून हाच मेसेज फॉरवर्ड करत असला तरी चालतं.