‘रबराची बटणं’ : लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातून उत्तर

नमस्कार.

आमच्या दुकानाच्या रिव्ह्यूत तुम्ही दोन तारे दिलेत. त्यातला एक बहुतेक लॅमिंग्टन रोडवर पार्किंग मिळालं त्याचा असावा, कारण बाकी मजकुरात आमच्या वाट्याला काही दिसत नाही. तुम्ही लिहिलंत : स्पीकरची थरथर जमिनीत जाऊ नये म्हणून त्याखाली ठेवायचे आठ रबरी पॅड, ६४०० रुपये, लावल्यावर बेस गेला, खालच्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार होती तशीच, मार्बलवर काळी वर्तुळं, आणि दुकानात फोन केला तर उत्तर मिळालं, ‘कान बसू द्या’. शेवटी, ‘रबराची बटणं आहेत, थोतांड आहे सगळं.’

रविवारी तुमच्या घरी येऊन गेलो. निघताना तुम्ही म्हणालात, इथे बोललात तेच तिथे लिहा. लिहितो.

आधी चूक. पॅड चुकीचे दिले, आम्ही दिले. आमच्या मुलाने कुरियरच्या पावतीवरचा ५२ किलोचा आकडा एका स्पीकरचा धरला. तो दोन्ही खोक्यांचा मिळून होता, पॅकिंगसकट. तुमच्या बाथरूममधल्या काट्यावर एक स्पीकर भरला २२ किलो. म्हणजे चार पॅडमध्ये प्रत्येकी साडेपाच किलो, आणि आम्ही दिलेले पॅड तेरा किलोच्या हिशोबाचे. पातळ माणसाला जाड्या माणसाची गादी दिली की ती फळीसारखी लागते, तसं झालं.

हे का महत्त्वाचं, ते सांगतो, कारण हाच प्रश्न दुकानात रोज येतो. जड वस्तू मऊ गोष्टीवर ठेवली की त्या जोडीची स्वतःची डोलण्याची एक गती ठरते. त्या गतीच्या साधारण १.४ पटीपेक्षा वरची कंपनंच खाली जायची अडतात. त्याखालची सरळ जातात, आणि नेमक्या त्या गतीवर तर उलट वाढतात. ही गती किती, ते पॅड वजनाने किती दबतो यावर आहे. दोन मिलिमीटर दबला तर सेकंदाला ११ च्या आसपास. तुमचे मी व्हर्नियरने मोजले, जेमतेम अर्धा मिलिमीटर. कागदावर २२, पण रबर हलत्या वजनाखाली आणखी ताठ वागतं, तेव्हा प्रत्यक्षात तिशीच्या घरात धरा. त्याची १.४ पट म्हणजे चाळिशीच्या वर. बेस गिटारची सगळ्यात जाडी तार ४१ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनांवर वाजते. थोडक्यात, जे अडवायचं त्याच्याच उंबरठ्यावर पॅड बसले होते.

म्हणून थोतांड हा शब्द मला मान्य नाही. तुमच्या समोरच केलं ना : स्टीलची वाटीभर पाणी स्पीकरशेजारी फरशीवर, फोनवरून ५० हर्ट्झचा सूर. पाण्यावर वर्तुळं उठली. मग पॅड काढून स्पीकर पाटावर ठेवला आणि पाटाखाली स्कूटरची अर्धवट हवा भरलेली ट्यूब. आवाज तेवढाच, वाटीतलं पाणी जवळजवळ निवांत. वहिनी म्हणाल्या, मग ६४०० कशाला घालवले? त्यांना मी उत्तर दिलं नाही, इथे देतो : ट्यूबची हवा दर आठवड्याला बघावी लागते आणि घरात लहान मूल असेल तर उंच स्पीकर त्यावर ठेवू नये, डुलतो. बाकी तत्त्व तेच.

आता बेस. बेस पॅडने गेला नाही. पॅड बसवताना स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढे आले, तिथेच राहिले. भिंतीजवळ खालचे सूर फुगतात, लांब नेले की उतरतात. मागे सरकवल्यावर बेस परत आला आणि त्याच्यासोबत ती घुमणारी एक नोटही आली, जिच्यासाठी तुम्ही मुळात दुकानात आला होतात! तुमचा हॉल १२ फूट रुंद. तेवढ्या अंतरात ४७ हर्ट्झची लाट दोन भिंतींमध्ये अडकते. तिला स्पीकरखाली काहीही ठेवलं तरी फरक पडत नाही. बसायची जागा आणि स्पीकरची जागा वीतभर वीतभर बदलून बघायची, तीच युक्ती.

आणि इथे दुसरी चूक. आमच्या काउंटरवर ‘बेस सुधारतो’ असा बोर्ड होता. सोमवारी काढला. लाकडी माळ्यावर तो खरा ठरतो. माझं लहानपण गिरगावच्या चाळीत गेलं. वरच्या खोलीत कुणी मसाला कुटायला घेतला की आमच्या रेकॉर्ड प्लेअरची सुई उडायची, आणि स्पीकर लावला की अख्खी जमीन त्याच्याबरोबर गुणगुणायची. तिथे पॅड घातले तर आवाज एकदम साफ होतो. तुमचा टॉवर काँक्रीटचा. पाच इंची स्लॅब म्हणजे चौरस मीटरला सुमारे ३०० किलो. २२ किलोच्या स्पीकरने तो तुमच्या कानाला कळेल इतका हलत नाही. तुमच्या हॉलचा खरा त्रास उघडा मार्बल आणि समोरची काच. टाळी वाजवली तर झिणझिणतं. सोफ्यापुढे जाड गालिचा आणि काचेवर भरगच्च पडदा, हे पॅडच्या आधी घ्यायला हवं होतं, आणि ते आमच्या दुकानात मिळत नाही.

काकूंचं : स्लॅबमधून जाणारी धडधड बरोबर पॅडने कमी होईल. हवेतून जाणारा बेस तरीही स्लॅबला ढकलतो आणि खाली पोचतो, तो पॅडने थांबत नाही. रात्री दहानंतर आवाज खालीच ठेवावा लागेल. त्यांच्याकडे एकदा जाऊन ऐकून या.

काळी वर्तुळं रबरातल्या तेलकट द्रव्याची आहेत. मार्बल ते शोषतो. लिंबू किंवा व्हिनेगर अजिबात लावू नका, आम्ल मार्बललाच खातं. पॉलिशवाल्याचं बिल आम्हाला पाठवा. यापुढे प्रत्येक पॅडखाली स्टीलची चकती देऊ. कुणीतरी तुम्हाला स्पाइक, म्हणजे स्पीकरखालचे टोकदार धातूचे पाय सुचवलेत, ते घेऊ नका. स्पाइक स्पीकरला जमिनीशी घट्ट धरतात, वेगळं करत नाहीत, आणि मार्बलला टवके पाडतात.

‘कान बसू द्या’ हे उत्तर ज्याने दिलं तो माझाच पुतण्या. त्याच्याशी बोललो आहे.

६४०० परत, किंवा मऊ पॅड, तुम्ही सांगाल ते. स्पीकर केबलचे पैसे मात्र मिळणार नाहीत. ती तुम्ही मोजून कापून घेतलीत आणि ती चांगली चालते आहे. पॅड हवे असतील तर शनिवारी मुलगा ते घेऊन येईल, वाटीभर पाणी तयार ठेवा. तोवर पाट आणि ट्यूब तिथेच असू दे. ट्यूब फक्त त्याच्या हातात परत द्या, दुकानाच्या स्कूटरची आहे.