कळलावी, शिंदळ माकुडी आणि ‘खणून आणा’चा सल्ला

‘कळलावी आणि शिंदळ माकुडी या दोन्ही वनस्पती नामशेष होत आहेत, दिसताच खणून आणा, कुंडीत जगवा, कळलावीचा कंद उगाळून घेतल्यास बाळंतपण सुलभ होते’ असा संदेश सध्या सोलापुरात मोबाइलवरून फिरत आहे. सातवा महिना लागलेल्या माझ्या भाचीलाही तो सासरच्या एका नातलगाने ‘जपून ठेव’ म्हणून पाठवला, तेव्हा गप्प बसणे शक्य राहिले नाही.

आधी कंदाविषयी. कळलावीच्या सर्वांगात, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन हे विष असते. वातरक्तावर, म्हणजे गाउट या सांधेदुखीच्या आजारावर, हेच द्रव्य औषध म्हणून देतात, पण ती गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची असते आणि तीही डॉक्टर बेताने देतात. सहाणेवर उगाळलेल्या कंदातून किती विष पोटात गेले, हे कोण मोजणार? उलट्या-जुलाबांनी सुरुवात होते आणि पुढे एकेक अवयव निकामी होऊ शकतो. ‘आयुर्वेदात सांगितले आहे’ हे पालुपद जोडणाऱ्यांनी, आयुर्वेदानेच लांगलीला, म्हणजे याच कळलावीला, उपविषांत, म्हणजे दुय्यम विषांच्या गटात, घातले आहे, हेही वाचावे. पूर्वी तिचा बाहेरून लेप लावत, हे खरे; म्हणून ती पोटात घ्यावी असे होत नाही, आणि तो लेपही आज घरच्या घरी कुणी करू नये.

राहिला ‘नामशेष’ हा शब्द. कळलावी आफ्रिका आणि आशियात दूरवर पसरलेली आहे, कोणत्या जीवजातीला किती धोका आहे हे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत तिची नोंद सर्वांत कमी काळजीच्या वर्गात आहे, आणि जिचे ती राज्यपुष्प आहे त्या तमिळनाडूत बियांसाठी तिची शेतीही होते. औषधासाठी कंद उपसल्यामुळे काही रानांतून ती विरळ झाली, एवढे मान्य करावे लागेल. पण त्यावर उपाय म्हणून उरलेलीही खणायची, हा तर्क अजबच.

शिंदळ माकुडी मात्र खरोखर संकटात आहे. ती जगात फक्त महाराष्ट्रात, शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांवर उगवते. सोलापूरच्या माळावर ती समजून कुणी काही उपटलेच, तर ती बहुधा माकडशिंगी असेल. तिचे खोड बोडके असते, तर शिंदळ माकुडीला पावसाळ्यात मांसल पाने येतात आणि तिच्या चांदणीसारख्या गडद तांबड्या फुलावर पिवळे ठिपके असतात. तिच्या फांदीचा तुकडा रुजतो, पण त्यासाठी रोपवाटिकेतील झाड पुरते, कड्यावरचे लागत नाही. गडांची नावे सर्वांना ठाऊकच आहेत. फुलाचा फोटो टाकणाऱ्यांनी नेमका कडा तेवढा लिहू नये.