हॉटेल कॅलिफोर्नियात सैतान उतरला नव्हता

ईगल्स या अमेरिकन रॉक बँडच्या १९७६ मधल्या ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ या गाण्याबद्दलचा एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. गाणं सैतानपूजकांवर आहे, त्यातलं १९६९ हे साल सैतानपंथाची खूण आहे, अल्बमच्या आतल्या फोटोत बाल्कनीत दिसणारी आकृती त्या पंथाचा संस्थापक अँटन लाव्हे याची आहे, आणि रेकॉर्ड उलटी वाजवली की सैतानाचं नाव ऐकू येतं, असं त्यात म्हटलेलं असतं. ज्यांना सैतान पचत नाही त्यांच्यासाठी पर्यायही आहेत. कोणाला हे हॉटेल मेक्सिकोत सापडतं, कोणाला मनोरुग्णालयात. आणि कोणी म्हणतं, मुळात चालच चोरीची.

यातले बहुतेक दावे एकच गोष्ट गृहीत धरतात: या मंडळींनी कुठेतरी काहीतरी भयंकर पाहिलं आणि मग गाणं लिहिलं. घडलं ते नेमकं उलट. आधी चाल झाली, शब्द नंतर बसवले.

चाल बँडचा गिटारवादक डॉन फेल्डर याची. मालिबूला समुद्रकाठी भाड्याच्या घरात त्याने ती बारा तारांच्या गिटारवर बांधली आणि ड्रम मशीनच्या साथीने चार ट्रॅकच्या टेपवर भरली. अशा बऱ्याच चाली एका कॅसेटवर घालून त्याने इतरांना ऐकायला दिल्या. बँडचा गायक आणि ड्रमवादक डॉन हेन्ली याला ही आवडली. तेव्हा तिला नावही नव्हतं, बँडमध्ये तिला ‘मेक्सिकन रेगे’ म्हणत (रेगे ही जमैकाची संगीतशैली). शब्द पुढे हेन्ली आणि बँडमधलाच ग्लेन फ्राय यांनी लिहिले. म्हणजे ज्याच्या हातून गाणं सुरू झालं, त्याच्या डोक्यात ना हॉटेल होतं ना सैतान.

पुढचं काम तर अगदीच कारागिरीचं. मूळ चाल ई मायनर या स्वरपट्टीत होती. ती हेन्लीच्या गळ्याला बसेना, म्हणून बी मायनरमध्ये आणली. (कॉलेजच्या गॅदरिंगला गिटारच्या सातव्या पट्टीवर कॅपो, म्हणजे तारा दाबून सूर चढवणारा चाप, लावून हे वाजवणाऱ्यांना त्यातली गंमत कळेल.) मायामीच्या स्टुडिओत शेवटच्या गिटार सोलोची वेळ आली तेव्हा फेल्डर आणि दुसरा गिटारवादक जो वॉल्श सुचेल तसं वाजवू लागले. हेन्लीने थांबवलं: कॅसेटवर आहे तसंच हवं. कॅसेट मालिबूच्या घरी. शेवटी फेल्डरने घरकाम पाहणाऱ्या बाईंना फोन करून कॅसेट रिसीव्हरजवळ वाजवायला लावली, आणि स्वतःचाच सोलो फोनवरून पुन्हा शिकून घेतला. सैतानाशी करार झाला असता तर एवढी यातायात कशाला करावी लागली असती? गंमत म्हणजे त्याच स्टुडिओत, भिंतीपलीकडे, तेव्हा सैतानी प्रतिमेसाठी ओळखला जाणारा ब्लॅक सॅबथ हा बँड रेकॉर्डिंग करत होता आणि त्यांचा आवाज भिंतीतून यायचा म्हणून ईगल्सना मध्येमध्ये थांबावं लागायचं. फॉरवर्ड लिहिणाऱ्यांच्या हाताशी हा एवढा मसाला होता, तोच नेमका सुटला!

आता फोटो. मुखपृष्ठावर दिसतं ते बेव्हर्ली हिल्स हॉटेल, संधिप्रकाशात, क्रेनच्या पाळण्यात उंच चढून टिपलेलं. आतला लॉबीचा फोटो मात्र हॉलीवूडमधल्या लिडो हॉटेलचा. एका काल्पनिक हॉटेलसाठी दोन खरी हॉटेलं वापरली, यातच उत्तर आलं. बाल्कनीतली आकृती इतकी अंधूक आहे की तिच्यात ज्याला जो हवा तो दिसावा. लाव्हेने पंथ काढला १९६६ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत. त्याचं काळं रंगवलेलं घर कॅलिफोर्निया स्ट्रीटवर होतं हे खरं, पण ते राहतं घर होतं, हॉटेल नव्हे. त्याचं ‘सैतानी बायबल’ हे पुस्तक १९६९ चंच, हेही खरं. पण त्याच साली अमेरिकेत वुडस्टॉकचा गाजलेला संगीत महोत्सव झाला, आणि १९७६ मध्ये हताशपणे मागे वळून पाहणाऱ्या रॉक गायकाला त्या सालाची आठवण यायला सैतान लागत नाही. हे गाणं म्हणजे निरागसतेकडून अनुभवाकडचा प्रवास, असं हेन्ली वारंवार सांगत आला आहे. हेन्ली टेक्ससचा, फ्राय डेट्रॉइटचा, फेल्डर फ्लोरिडाचा. लॉस एंजेलिसच्या झगमगाटाला भुललेले आणि पुढे त्यातच अडकलेले हे सगळे बाहेरून आलेले लोक. शब्दांमागे आहे ते हे.

उलट्या रेकॉर्डबद्दल काय बोलायचं? आधी काय ऐकू येणार ते सांगून ठेवलं की कुठल्याही खरखरीत ते ऐकू येतं.

मेक्सिकोतल्या तोदोस सांतोस गावी ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ खरोखर आहे. पण ईगल्सचा आणि त्याचा संबंध पाहायचा तर कोर्टात पाहावा. बँडने २०१७ मध्ये त्या हॉटेलच्या मालकांवर अमेरिकेत दावा लावला, कारण गाण्याच्या नावावर पर्यटक ओढले जात होते. २०१८ मध्ये तडजोड झाली. जिथे गाणं सुचलं त्या जागेवर कोणी असा खटला भरत नाही. कॅलिफोर्नियातल्या कॅमारिलोच्या मनोरुग्णालयाच्या बाजूने तर त्याचा घंटेचा मनोरा सोडून काही पुरावाच नाही, आणि तसले मनोरे तिथे जागोजागी आहेत.

चोरीचा आरोप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जेथ्रो टल या ब्रिटिश बँडचं १९६९ चं ‘वी यूज्ड टु नो’ ऐकलं तर कॉर्ड्सचा क्रम जवळजवळ तोच आहे, आणि ईगल्स १९७२ मध्ये टलबरोबर दौऱ्यावर होते. पण चाल बांधणारा फेल्डर बँडमध्ये आला १९७४ साली. टलचं गाणं तीनच्या लयीत झुलतं, हे चारच्या, रेगेच्या अंगाने जातं. खुद्द टलच्या इयन अँडरसनने याला चोरी म्हटलेलं नाही. कॉर्ड्सचा क्रम कोणाच्या मालकीचा नसतो, नाहीतर निम्मी गाणी जप्त करावी लागतील.

शब्द कसे तयार झाले याचा कागदी पुरावाही आहे. या अल्बमच्या गाण्यांचे हेन्लीच्या हस्ताक्षरातले सुमारे १०० पानांचे कच्चे मसुदे लिलावाच्या बाजारात फिरले. ते चोरीचे आहेत असं म्हणत न्यूयॉर्कमध्ये फौजदारी खटला उभा राहिला. हेन्लीने साक्ष दिली, आणि मार्च २०२४ मध्ये सरकारी पक्षाने खटला मागे घेतला. त्या पानांची मालकी वादात असेल, पण पिवळ्या पॅडवर खाडाखोड करत एकेक ओळ घडवली गेली याबद्दल दोन्ही बाजूंत वाद नव्हता.